अकरा मिनिटं

होवनानबद्दल विचारायला आलात ना,
मग बूट राहू द्या पायात, फरशी गार आहे.
आणि एक सांगून ठेवते, मी त्याची बायको नव्हे.
बायको नुनुफार. ती भूकंपात गेली, लेनिनाकानला,
शाळेच्या जिन्यावर, हजेरीपट छातीशी धरून.
मी वार्सेनिक. मी कात्री.

तीस वर्षं संकलनाच्या टेबलाशी
त्याच्या डाव्या हाताला बसले.
उजवा कान त्याचा लहानपणीच गेलेला,
म्हणून त्याच्या चित्रपटांत माणसं
डावीकडूनच आत येतात.
समीक्षकांनी यावर पानंच्या पानं भरली.
कानाचं कुणी विचारलं नाही.

पहिला चित्रपट नालबंदाचा.
दुसऱ्यात पूल बांधतात; पूल थोडा, कॉफीच फार.
तिसऱ्यात एक म्हातारी जमिनीतल्या भट्टीत
कमरेपर्यंत वाकून लवाश थापते, थापतच राहते,
आणि मागे उंबऱ्यापाशी
बुटांचे सात जोड, पुसून ठेवलेले.
मॉस्कोहून एक बाई आल्या तपासायला.
वाईट नव्हत्या, मला लोकरीचे मोजे दिले त्यांनी.
विचारलं, हे बूट कुणाचे?
होवनान म्हणाला, येतीलच ते.
दोन मिनिटांसाठी बोलावलंय म्हणून नेलंय.

कागद आला : अकरा मिनिटं कापा.

मीच कापली. दुसरं कोण कापणार?
परक्याच्या हातून कापलं तर
जखम वेडीवाकडी भरते.
तुकडे जर्दाळूच्या मुरंब्याच्या डब्यात घातले,
झाकणावर लिहिलं : बटणं.
त्यानंतर नऊ वर्षं त्याला चित्रपट मिळाला नाही.
दुधाच्या भुकटीवर, दात घासण्यावर
माहितीपट केले त्याने. तेही मन लावून.

डोंगर मात्र कधी दाखवला नाही.
दाखवायचा कुणाला, म्हणायचा,
प्रत्येकाच्या खिडकीत तो आहेच
आणि तिथे जाता कुणालाच येत नाही.
तो माणसांना डोंगराकडे तोंड करून उभं करायचा,
आणि कॅमेरा माणसांकडे.

मग वीज गेली.
म्हणजे यायची, दिवसातून तासभर,
कधी रात्री तीनला; अख्खी इमारत उठून
पीठ मळायची, पोरांना न्हाऊ घालायची.
त्या थंडीत मी पियानोचं झाकण जाळलं.
फिल्म नीट जळत नाही, नुसती आक्रसते, घाण वास येतो.
करून पाहिलंय. खोटं कशाला बोलू?

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरचा पोरगा म्हणाला,
आजोबा, तुम्ही सिनेमे करायचात म्हणे. दाखवा की.
पत्र्याच्या शेगडीभोवती आम्ही चौदा जण,
अंगावर ओव्हरकोट, मधे एक बटाटा.
होवनानने भिंतीला पाठ टेकली :
काळोख.
घंटा, लांबून.
आता बाईची पाठ. पाठच. घाई करू नका.
असा अख्खा चित्रपट सांगितला, एकेक दृश्य,
आणि मी मधे मधे टोकत होते,
हे नंतर, आधी कुत्रं येतं,
आणि तो म्हणायचा, बरोबर, आधी कुत्रं.

मग ती अकरा मिनिटं आली.
शेगडीत लाकूड सरकलं, कुणी उचललं नाही.
उंबऱ्यापाशी बूट, तो म्हणाला. आठ जोड.
सात, मी म्हटलं.
आठ.
शेवटचे तपकिरी, बायकी, डावी टाच झिजलेली.
शाळेत चढ-उतार फार.

मी गप्प बसले.
आयुष्यात एकदाच चुकीचं दृश्य
ठेवून दिलं जिथल्या तिथे.

डबा हवा तर घेऊन जा.
उघडलात तर आंबट वास येईल, तो मुरंब्याचा नव्हे,
जुनी फिल्म तशीच विरते.
उजेडाशी धरून मोजा हवं तर.
त्यात सातच आहेत.